नववं उदाहरण

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नवरा म्हणतो, तुझ्या नाकावर राग असतो असं नाही, तो तिथं खोली घेऊन राहतो. म्हणू दे. पण या एका गोष्टीत माझ्या रागानं जे केलं ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही, आणि रागानंतर मी जे केलं ते तर रागाच्याही माथी मारता येत नाही.

बऱ्हाणपुरात इतवाऱ्यात एका कापडाच्या दुकानावर माझा क्लास आहे. इंजिनिअरिंगचं गणित. माझ्याकडे येणारे बहुतेक 'बॅक' लागलेले, म्हणजे कॉलेजात एकदा, दोनदा, तीनदा त्या पेपरात बसून आपटलेले. कॉलेजातले सर त्यांना सोडून देतात, मग ते माझा जिना चढतात. "मॅडम, बस एवढा पेपर निकाल दो." मराठीत सुरुवात करून हिंदीत संपवणारी ही पोरं, आणि मीही तशीच. फळ्यावर मराठी, ओरडताना हिंदी.

माझं नाव झालं ते माझ्या नोट्समुळे. माझे वडील महाराष्ट्रातून इकडे कागदाच्या मिलमध्ये नोकरीला आले. मी मिलच्या कॉलनीतच वाढले. कागद फुकट घालवायचा नाही ही घरची शिस्त, त्यामुळे अक्षर बारीक आणि मांडणी नीटनेटकी. क्लास सुरू केला तेव्हा एका मोठ्या वहीत सगळा अभ्यासक्रम लिहून काढला, प्रत्येक प्रकाराची दहा दहा उदाहरणं सोडवून. ती वही खालच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवली. तेव्हापासून दर सेमिस्टरला त्या वहीच्या प्रती निघतात. माझ्याकडे न येणारी पोरंही त्या नेतात. रस्त्यात ओळख नसलेला कुणी "नोट्सवाली मॅडम ना?" असं विचारी, तेव्हा मी वरून "हो, काय?" असं तुसडेपणानं म्हणत असे आणि आतून फुगत असे.

त्या वहीत लाप्लास ट्रान्सफॉर्मचं प्रकरण आहे. गणित सोडून दिलेल्या माणसाला ते सांगायचं तर एवढंच. वेळेबरोबर बदलणारी एखादी गोष्ट घ्यायची आणि तिला दुसऱ्या मुलखात नेऊन ठेवायची, जिथं अवघड कामं सोपी होतात. काम झालं की परत आणायची. इथल्या दोन गोष्टींची बेरीज तिकडे नेली तर तिकडेही बेरीजच राहते, त्यात काही फसगत नाही. फसगत आहे ती गुणाकारात. इकडचा गुणाकार तिकडे गुणाकार होत नाही. तिकडे साधा गुणाकार करून इकडे परत आलात तर हाती वेगळंच प्रकरण लागतं. त्याला कॉन्व्होल्यूशन म्हणतात. गुणाकारात या क्षणाचं हे आणि ह्याच क्षणाचं ते, एवढाच मामला. कॉन्व्होल्यूशनमध्ये मागचं सगळं धरावं लागतं: आधी जे जे झालं त्यातलं आजवर किती उरलंय, ते गोळा करत करत यायचं.

पहिल्याच तासाला मी हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायची आणि दम द्यायची की हे दोन जो एक समजेल त्यानं माझा जिना चढू नये. आणि माझ्याच वहीत, त्याच प्रकरणात, नवव्या उदाहरणात मी स्वतः ते दोन एक समजून बसले होते.

कसं झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. आठवं उदाहरण कॉन्व्होल्यूशनचं होतं, साइन आणि कॉसचं. नववं त्याच दोघांच्या साध्या गुणाकाराचं. बहुतेक लिहिता लिहिता हात आठव्याच्याच चालीनं पुढे गेला. साइनचा ट्रान्सफॉर्म घेतला, कॉसचा घेतला, दोन्ही गुणले, उत्तराला चौकट केली. चौकट तर अशी सुबक की बघत राहावं. तेच उदाहरण मी दरवर्षी वहीत बघून फळ्यावर उतरवायची. हात चालायचा, डोकं दुसरीकडे. एकाही पोरानं तोंड उघडलं नाही. उघडणार कसं? माझ्यासमोर तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

तोंड उघडलं ते एका सुनेनं.

ती जवळच्या दापोरा गावातल्या केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरातली. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आली, मध्येच लग्न झालं, मग मुलगी झाली. बाकीचे सगळे पेपर निघाले, हा एक राहिला. विद्यापीठाचा नियम असा की अमुक वर्षांत डिग्री पुरी झाली नाही तर सगळं पाण्यात. तिची मुदत त्या सेमिस्टरच्या परीक्षेला संपत होती. म्हणजे हा पेपर निघाला तर ती इंजिनिअर, नाही तर इतक्या वर्षांचं शिक्षण असून नसल्यासारखं. पुढचा मौका नव्हता.

तिला क्लासला आणायचा तिचा सासरा. मोटरसायकलवरून यायचे दोघं, ती मागे एका बाजूला बसलेली, मांडीवर पिशवी. नवरा शेतात, सासू नातीला सांभाळायची आणि सासऱ्यानं ही जबाबदारी घेतलेली. तासभर तो खाली कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसून राही. तास सुटला की उठून उभा राहायचा आणि दर खेपेला एकच विचारायचा, "मॅडम, निघीन ना आमच्या बाईचा पेपर?" त्याच्या सगळ्या भावकीनं नावं ठेवली होती म्हणे, सुनेला शिकवून काय दिवे लावणार आहेस. तो ऐकून घ्यायचा आणि गाडीला किक मारायचा.

ती वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांच्या मागे. पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. कमी बोलायची. तिची वही मात्र मला आवडायची, खोटं कशाला बोलू. माझ्या नोट्स उतरवून काढायच्या ऐवजी ती प्रत्येक उदाहरण आधी स्वतः करून बघायची आणि मग माझ्या उत्तराशी ताडून पाहायची.

परीक्षेला दहा-बारा दिवस राहिले होते. मी नववं उदाहरण फळ्यावर उतरवलं, चौकट केली, खडू झटकला. मागून तिचा आवाज आला.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"हे उत्तर परत उलटं फिरवलं तर बाहेर टी येतो. टी गुणिले साइन टी, भागिले दोन. म्हणजे जसा वेळ जाईल तसं ते वाढतच जाईल ना?"

"मग?"

"पण साइन एकाच्या वर कधी जात नाही. कॉसही जात नाही. एकाच्या वर न जाणाऱ्या दोघांचा गुणाकार दहावर, वीसावर कसा काय जाईल?"

मला तेव्हाच थांबून फळ्याकडे बघायला हवं होतं. एवढा साधा, एवढा स्वच्छ प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. पण मी फळ्याकडे बघितलं नाही, मी पोरांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. दोघं तिघं माझ्याकडे टक लावून होते, आता मॅडम काय करते म्हणून. माझं डोकं फिरलं.

"वही आण इकडे," मी म्हटलं.

ती वही घेऊन पुढे आली. तिनं तेच उदाहरण तिच्या रीतीनं केलेलं होतं. साइन गुणिले कॉस म्हणजे दुपटीच्या साइनचा अर्धा, हे अकरावीतलं सूत्र घेतलं, मग त्याचा ट्रान्सफॉर्म. दोन ओळींत उत्तर. बरोबर उत्तर. मी लाल पेन घेतलं आणि त्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काट मारली. खाली लिहिलं, 'नोट्समधली रीत वापरा.' आणि वही परत देताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "लग्न झालं, लेकरू झालं, तरी एक पेपर निघत नाही, आणि चालली मला शिकवायला."

पोरं हसली. ती "सॉरी मॅडम" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. उरलेला तास ती खाली मान घालून लिहीत होती.

मला कळलं ते जिना उतरता उतरता. खरंच सांगते, अठरा पायऱ्या आहेत त्या जिन्याला, अर्ध्यावर आले आणि पाय थबकले. एकाच्या वर न जाणारे दोघं. अरे देवा. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मनातल्या मनात ते उदाहरण केलं. तिचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं, आणि साधंसुधं नाही, ज्यासाठी मी पोरांना जिना चढू नका म्हणायची नेमकं तेच चुकलं होतं. खाली बघितलं तर ती सासऱ्याच्या गाडीवर बसत होती. हाक मारली असती तर थांबली असती, दहा पावलं तरी होती की नाही कोण जाणे.

मी हाक मारली नाही. गाडी गेली.

मग मी काय केलं? झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि मूळ वही मागून घेतली. घरी येऊन पांढऱ्या कागदाची पट्टी कापली, तिच्यावर त्याच बारीक अक्षरात बरोबर रीत लिहिली, तीच दोन ओळींची, तिच्या वहीतली, आणि नवव्या उदाहरणावर चिकटवली. दुसऱ्या दिवशी वही परत दिली. तो म्हणाला, "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, "काही नाही, शाई पुसट झाली होती." मिलमध्ये कागद खराब निघाला तर तो अख्खा परत लगद्यात टाकायचे, वडील सांगायचे, वरून ठिगळ लावून कुणी पाठवायचं नाही. त्यांच्या पोरीनं ठिगळ लावलं, आणि तेही असं की कुणाच्या नजरेस येणार नाही. पुढच्या बॅचला बरोबर नोट्स मिळणार होत्या. ह्या बॅचच्या सगळ्यांच्या पिशव्यांत मात्र चुकीचंच पान होतं आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

परीक्षेआधी अजून दोन तास झाले. दोन्ही वेळा मी घरून ठरवून निघाले की आज सांगायचं. फळ्यावर उभं राहायचं आणि म्हणायचं, पोरांनो, नववं खोडा, माझी चूक झाली. सहा शब्द. पण वर्गात शिरले की शेवटच्या बाकावर ती दिसायची, आणि मला आठवायचं की मी हिला काय बोलले. चूक सांगायची म्हणजे तेही परत घ्यावं लागणार. ते काही माझ्या तोंडून निघेना. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला दुसरा क्लास होता, तिथवर ही बातमी संध्याकाळच्या आत पोचली असती, हेही मनात होतंच. चांगल्या माणसासारखं दुसरं कारण देता आलं असतं तर दिलं असतं. नाही.

शेवटच्या तासाला तिनं स्वतःच विचारलं. सगळे उठल्यावर, हळूच. "मॅडम, ते नववं. मी घरी पुन्हा करून पाहिलं. आला पेपरात तर तुमच्याच रीतीनं लिहायचं ना?"

देवानं ताटात वाढून दिलेली संधी होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी पर्स आवरत म्हटलं, "ते इम्पॉर्टंट नाही. येत नाही ते. बाकीचं बघ." मी 'हो' म्हटलं नाही, 'नाही' म्हटलं नाही. त्या वेळी मला वाटलं होतं की मी खोटं बोलले नाही. आपणच आपली कशी समजूत काढतो बघा.

खाली सासरा पायरीवरून उठला. "निघीन ना मॅडम?"

"डोळे झाकून निघेल," मी म्हटलं.

पेपरात ते आलं. आकडे बदललेले, साइन दोन टी आणि कॉस तीन टी, पण तेच. सात गुणांचं. एका पोरानं दुपारी क्लासवर येऊन मला पेपर दाखवला, खूश होता, "मॅडम, तुमच्या नोट्समधलंच आलं." त्याचेही सात गेले आणि बाकीच्यांचेही, ज्यांनी ज्यांनी तो प्रश्न घेतला त्या सगळ्यांचे सात सात गुण मी खाल्ले. बहुतेक जण तरीही निघाले. जे राहिले ते पुढच्या वेळी निघाले. तिला पुढची वेळ नव्हती.

ती तीन गुणांनी राहिली.

निकालानंतर दोघं क्लासवर आले. मला वाटलं भांडायला आले. जिन्यावर पावलं ऐकली तेव्हा मनात आलं, येऊ दे, बोलू दे, होऊन जाऊ दे एकदाचं. पण सासऱ्याच्या हातात केळीची फणी होती. ती त्यानं टेबलावर ठेवली. "तुम्ही लय मेहनत घेतली मॅडम. आमच्याच नशिबात नव्हतं."

ती त्याच्या मागे उभी होती. डोळे सुजलेले. ती मला म्हणाली, "मॅडम, ते नववं आलं होतं. मी आधी माझ्या रीतीनं केलं होतं. मग खोडलं आणि तुमच्या रीतीनं लिहिलं."

सासऱ्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मंग पहिलेच मॅडमनं सांगितलं तसं काहून नाही लिहिलं? खोडाखोडीत टाइम गेला असीन ना." आणि मग माझ्याकडे बघून, "असंच झालं असीन ना मॅडम?"

त्याचा प्रश्न साधा होता. एक म्हातारा माणूस आपल्या सुनेचं काय चुकलं ते समजून घेऊ पाहत होता. माझ्यासमोर ती उभी होती, जिचं काहीही चुकलं नव्हतं. आणि मी मान हलवली. वर म्हटलं, "स्वतःचं डोकं जास्त चालवलं की असं होतं."

दोघं जिना उतरून गेले. केळी मी घरी नेली नाहीत, क्लासच्या झाडणाऱ्या बाईला दिली. त्यानं काय होतं म्हणा.

पुढच्या बॅचला ते प्रकरण आलं तेव्हा मी फळ्यावर साइनची लाट काढली, कॉसची काढली आणि विचारलं, "पोरांनो, एकाच्या वर न जाणाऱ्या दोघांचा गुणाकार दहावर कसा जाईल?" वर्गात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. कायम झोपलेली पोरंसुद्धा सरसावून बसली. गुणाकार आणि कॉन्व्होल्यूशन यांतला फरक मी इतकी वर्षं घसा फोडून सांगत होते, तो त्या एका वाक्यानं कळला. मग मी ते दरवर्षी वापरायला लागले. पोरं बाहेर सांगायची की मॅडमचं ते एकाच्या वरचं ऐकाच. माझं नाव आणखी वाढलं. तीन वर्षं मी तिचं वाक्य माझं म्हणून चालवलं.

यंदा एका मुलीनं तास संपल्यावर विचारलं, "मॅडम, हे असं तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हटलं, "शिकवून शिकवून सुचतं." मुलगी कौतुकानं बघत निघून गेली. मी खुर्चीत बसून राहिले. नंतरचे दोन तास मी घेतलेच नाहीत, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. घरी नवऱ्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मला काय सांगतेस? जिला सांगायचं तिला सांग."

रविवारी मी स्कूटी घेऊन दापोऱ्याला गेले. घर विचारत विचारत सापडलं. रस्त्यात केळीच्या बागांतून वाट काढताना तीनदा वाटलं, मागे फिरावं. तीन वर्षांनी जखमेवरची खपली काढायला जाणं, ह्यात तिचं भलं किती आणि माझ्या मनाला मोकळं वाटायची हाव किती, हा प्रश्न मला पडला होता. अजूनही पडतो.

अंगणात ती टिश्यू कल्चरच्या केळीची रोपं वेगळी करत बसली होती, काळ्या पिशव्यांतली. जोमाची एकीकडे, किरटी एकीकडे. तिची मुलगी शेजारी पाटीवर काहीतरी गिरवत होती. मला बघून ती उठली, पदर नीट केला. "मॅडम? तुम्ही?" आणि आत वळून, "बाबा, मॅडम आल्यात."

सासरा लगबगीनं बाहेर आला. पूर्वीपेक्षा वाकलेला. खुर्ची पुढे केली, नातीला पाणी आणायला पिटाळलं, सुनेला म्हणाला, चहा टाक. मी म्हटलं, चहा नको, मला हिच्याशी दोन मिनिटं बोलायचंय. तो समजला आणि गोठ्याकडे गेला.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर परत शब्द गिळले असते. "ते नववं उदाहरण. तुझं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. मला त्याच दिवशी कळलं होतं, तू गाडीवर बसायच्या आधी. मी सांगितलं नाही."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर हाकलून देईल. ती हातातल्या रोपाची माती झटकत होती.

"मला माहीत होतं मॅडम."

"काय माहीत होतं?"

"तुमचं चुकलंय ते. घरी येऊन आकडे टाकून पाहिले होते मी. पेपरातही पाहिले."

"मग खोडलंस का गं?" माझा आवाज चढला. तिथंही चढला, बघा. "बरोबर माहीत होतं तर का खोडलंस?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नव्हे. एखादी सोपी गोष्ट समजावून सांगावी तशी म्हणाली, "पेपर तपासणारे तुमच्यासारखेच असतील ना मॅडम. मला वाटलं, तेही काट मारतील."

पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तो हातात धरून उभी राहिले. माफी मागायची म्हणून मी काय काय जुळवून आणलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी एवढंच म्हटलं, "तुला काय करू मी? सांग. कॉलेजात येऊ, विद्यापीठात अर्ज करू, काय म्हणशील ते."

"आता कुठलं काय मॅडम. मुदत गेली." ती थोडं थांबली. "बाबांना सांगा फक्त. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मी मॅडमवर ढकलते."

तिनं गोठ्याकडे हाक मारली. सासरा हात पुसत आला आणि आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहू लागला. मी सांगितलं. त्याला लाप्लास काय कळणार, म्हणून साध्या शब्दांत सांगितलं. तुमच्या सुनेनं बरोबर केलं होतं. मी वर्गात ते चूक म्हटलं. पेपरात तिनं आधी बरोबरच लिहिलं होतं, माझ्यामुळे खोडलं. तेवढं राहू दिलं असतं तर ती पास होती. आणि निकालाच्या दिवशी तुम्ही मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

त्यानं सगळं ऐकलं. मला वाटलं, आता हा मला विचारील की तेव्हाच का नाही सांगितलं. मी त्याची तयारी केली होती.

पण तो माझ्याकडे वळलाच नाही. सुनेकडे वळला.

"त्या दिवशी गाडीवर मी तुले किती बोललो. इतवाऱ्यापासून घरापर्यंत. तू एक शब्द नाही बोलली."

"राहू द्या ना बाबा," ती म्हणाली.

"सगळं घर बोललं तुले. तीन वर्षं."

ती खाली बसली आणि पुन्हा रोपं वेगळी करायला लागली. तो तिच्याशेजारी ओट्यावर टेकला, दोन्ही हात गुडघ्यांत घालून. नात एकदा त्याच्याकडे, एकदा आईकडे बघत होती. मी तांब्या ओट्यावर ठेवला. कुणी मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, एक वाईट शब्दही बोललं नाही. मी स्कूटी फाटकाबाहेर ढकलत नेली आणि रस्त्यावर जाऊन चालू केली.